डीजे, पीजे आणि जी-नाईन

भुसावळ-जळगाव अपडाउन करणाऱ्या माणसाला रेल्वेची भाषा येत नाही असं म्हटलं, तर प्लॅटफॉर्मवरचा चहावालासुद्धा हसेल. वडील इंजिन ड्रायव्हर, बालपण रेल्वे क्वार्टरमध्ये, पंधरा वर्षांपासून खिशात पास. 'अपडाउन' हा शब्दच मुळात रेल्वेचा. मुंबईकडे जाणारी ती अप, मुंबईपासून लांब जाणारी ती डाउन. त्या हिशेबाने मी सकाळी खरोखर अप असतो आणि संध्याकाळी डाउन. चाळीसगावपासून रावेरपर्यंत मात्र एसटीने जाणारे मास्तरही अपडाउनच करतात आणि त्यात कोणाला काही खटकत नाही.

तर दोन वर्षांपूर्वी पतपेढीतल्या एका पोराने मला रेल्वेवेड्यांच्या ग्रुपमध्ये घेतलं. मी मोबाइलवर मालगाडीचे फोटो काढतो हे त्याने पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला मेसेज आला, इंग्रजी अक्षरांत: "आज जीझेडबी ऑफलिंक. पीसी स्किप एमपीएसला. बीएसएल पीएफ थ्री, १२ बीटी. एलएचबी, एचओजी. मजा आली."

मला 'आज' कळलं आणि 'मजा आली' कळलं.

आता मी त्याचा अर्थ सांगू शकतो. त्या गाडीला रोजच्या शेडचं (शेड म्हणजे इंजिनं ठेवायची-दुरुस्त करायची जागा) इंजिन न लागता गाझियाबाद शेडचं लागलं होतं. ती पाचोऱ्याला न थांबता, जेवढ्या वेगाची परवानगी आहे तेवढ्या पूर्ण वेगाने गेली, भुसावळला ३ नंबरवर १२ मिनिटं आधी लागली, डबे जर्मन घडणीचे होते आणि डब्यांतल्या दिव्यापंख्यांची वीज इंजिनातूनच येत होती. दहा-पंधरा शब्दांत एवढं सगळं. कंजूष माणसाने पोस्टकार्ड लिहावं तसं.

पण त्या दिवशी 'पीसी' म्हणजे पाचोरा हे मला कुठून कळणार? मी पाचोऱ्याला शंभरदा उतरलोय. माझी सख्खी आत्या तिथे असते. पीसी म्हणून कोणी तिला पत्र पाठवलेलं नाही. जळगाव 'जेएल', अमळनेर 'एएन', धुळे 'डीएचआय', मलकापूर 'एमकेयू'. चाळीसगावचं 'सीएसएन' तर हल्ली फारच घोळ घालतं, कारण छत्रपती संभाजीनगर थोडक्यात लिहिणारेही सीएसएनच लिहितात. एकदा ग्रुपमधल्या एकाने "सीएसएनला आहे, कोणी भेटणार का?" असं टाकलं आणि दुसरा बिचारा कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव स्टेशनावर जाऊन बसला. पहिला तेव्हा क्रांती चौकात होता.

यापेक्षा मोठी गंमत 'पीजे'ची. पाचोरा-जामनेर ही आमची ५६ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी. खान्देशात तिला लहानथोर सगळे पीजेच म्हणत. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली आणि नंतर काही सुटली नाही. ग्रुपमध्ये कोणीतरी तिचा जुना फोटो टाकून लिहिलं, "पीजेची आठवण येते." त्यावर पुण्याच्या एका नव्या मेंबरने लागोपाठ चार पांचट विनोद टाकले. त्याच्याकडे पीजे म्हणजे तेच. आमच्याकडच्या दोघांना राग आला. मी मात्र त्याच्या बाजूने होतो. त्याचा तिसरा विनोद बरा होता.

ही भाषा शिकायला मला चार-सहा महिने लागले. शिकवत कोणी नाही. सगळ्यांना जन्मापासून येतंय अशा थाटात बोलणं चाललेलं असतं, त्यातून आपण वेचायचं. मी एक वही केली. आमच्या पतपेढीचीच, मागच्या वर्षाची डायरी. त्यात सगळ्यात जास्त पानं गेली इंजिनांच्या नावांवर. 'डब्ल्यूएपी', 'डब्ल्यूएजी', 'डब्ल्यूडीएम'. पहिलं अक्षर रुळांचं: डब्ल्यू म्हणजे रुंद, वाय म्हणजे मीटर गेज, झेड म्हणजे आपली पीजे. दुसरं अक्षर इंजिन कशावर चालतं त्याचं: डी डिझेल, ए एसी वीज, सी डीसी वीज. तिसरं कामाचं: पी पॅसेंजर, जी गुड्स, एम दोन्ही, एस शंटिंग. इथपर्यंत इतकं स्वच्छ की मला आनंद झाला. नियम कळला की माणसाला आपण हुशार असल्यासारखं वाटतं.

मग आकडे आले. डिझेलच्या 'डब्ल्यूडीएम-३ए' मधला ३ म्हणजे तीन हजार अश्वशक्ती आणि ए म्हणजे वरचे शंभर, मिळून ३१००. छान. मी वहीत चौकट आखून नियम लिहिला आणि त्याच जोरावर ग्रुपमध्ये टाकलं की 'डब्ल्यूएजी-९' हे विजेचं मालगाडीचं इंजिन नऊ हजार अश्वशक्तीचं असतं. हसणारे चेहरे इतके आले की मोबाइल थरथरत टेबलावरून सरकला. ते ६१२० चं असतं. विजेच्या इंजिनांचा आकडा म्हणजे नुसता मॉडेलचा अनुक्रम, ताकदीशी त्याचा संबंध नाही. बरं, डिझेलमध्ये तरी नियम पक्का असावा? जुनं 'डब्ल्यूडीएम-२', जे १९६४ पासून वाराणसीला बनू लागलं, ते २६०० चं. त्यातला २ सुद्धा अनुक्रमाचाच. ताकदीचा नियम मागाहून आला. आणि हे सगळं पचवून मी गप्प बसलो, तर 'डब्ल्यूएजी-१२' आलं, ते नेमकं १२ हजार अश्वशक्तीचं. मी वहीतली चौकट खोडली, शेजारी नवी आखली, तीही खोडली. ते पान अजून आहे.

आप्पांना हे सगळं दाखवावं असं खूप दिवस वाटत होतं. माझे वडील. मूळ अमळनेर तालुक्यातले, भुसावळला चाळीस वर्षं राहूनही घरात अहिराणीच बोलतात. २०११ ला निवृत्त झाले. त्यांना वाचून दाखवलं, 'ऑफलिंक'. त्यांनी चष्मा वर केला.

"हाई काय शे?"

मी सांगितलं, एखाद्या गाडीला ठरलेल्या शेडचं इंजिन लागतं, ती त्या इंजिनाची लिंक. दुसऱ्या शेडचं लागलं तर ऑफलिंक.

"लिंक म्हंजे डायवरनी लिंक. इंजिनले कसानी लिंक?"

आप्पांसाठी लिंक म्हणजे ड्युटीचा तक्ता. कुठली गाडी घेऊन जायची, इगतपुरीच्या रनिंग रूमला किती तास पडायचं, कुठली घेऊन परत यायचं. आईच्या तोंडी तर तो शब्द जेवणासारखा होता. "आज लिंक काय?" म्हणजे डबा किती पोळ्यांचा. इंजिनांनाही लिंक असते, ग्रुपवाले काही चुकीचं बोलत नव्हते. पण आमच्या घरात लिंक या शब्दाला पोळ्यांचा वास होता, आणि इथे त्याच शब्दावर पोरं खूश होत होती की वा, आज ठरलेलं चुकलं! ठरलेलं चुकलं की आमच्याकडे आई दोनदा कणीक मळायची.

गाड्यांच्या नावांचंही तेच. २०१० च्या डिसेंबरपासून गाड्यांचे नंबर पाच आकडी झाले आणि ग्रुपमधली पोरं ते आकडे पाढ्यासारखे म्हणतात. बारा एकशे सदतीस. आप्पा म्हणतात, पंजाब मेल. मी मध्ये उभा राहून दुभाष्याचं काम करतो.

आता डीजेचं सांगतो, कारण ती गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

मागच्या उन्हाळ्यात चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं, गावाकडेच. हळदीच्या रात्री ट्रॉलीवर भिंतीएवढे डबे रचून डीजे लावलेला. छाती हलत होती. शेवभाजीचं द्रोण हातात धरलं तर तर्रीवर गोल गोल लाटा उठत होत्या. आप्पा मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसलेले. मी वाकून कानात विचारलं, घरी जायचं का? ते ओरडून म्हणाले, "आमना डीजे खोलाले अडीचशे मीटर पहिलेच पाटी ऱ्हास! याले पाटीच नही!"

तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, पाहुणे पांगल्यावर, त्यांनी नीट सांगितलं. विजेची तार सगळीकडे एकसारखी नसते. ठरावीक अंतरावर एक तुकडा असा येतो की त्यात वीजच नसते, कारण दोन बाजूंचा पुरवठा वेगळा असतो. न्यूट्रल सेक्शन. त्याच्या ५०० मीटर आधी एक पाटी, २५० मीटर आधी दुसरी, आणि मग प्रत्यक्ष डीजे उघडायची पाटी. डीजे म्हणजे इंजिनातलं मुख्य ब्रेकर. तो उघडला की वीज तुटते. आपण म्हणतो दुकान उघडलं म्हणजे सुरू झालं. इथे उघडलं म्हणजे बंद. गाडी तेवढं अंतर आपल्या वेगावर पार करते आणि पलीकडे गेली की डीजे लावायचा.

"खोलला का ब्लोअर बंद," आप्पा म्हणाले. "सगळं एकदम चूप. मंग समजे का असिस्टंट कवळचा गाना म्हणी ऱ्हायंता." ब्लोअर म्हणजे इंजिनातले मोठे पंखे. ते थांबले की शेजारी बसलेला माणूस कधीचा गाणं म्हणतोय ते तेव्हा कळायचं. इतकी वर्षं ते इंजिनात काय ऐकत असतील याचा मी कधी विचारच केला नव्हता. मला वाटायचं, शिट्टी.

भुसावळला आल्यावर मी ग्रुपमध्ये विचारलं, डीजे म्हणजे काय? एका मेंबरने अर्ध्या मिनिटात उत्तर दिलं. 'दिझाँक्तर'. फ्रेंच शब्द. ब्रेकरला फ्रेंचमध्ये तसं म्हणतात. १९५० च्या दशकाच्या शेवटी भारताने २५ हजार व्होल्टची एसी पद्धत घेतली ती फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने, आणि त्या पद्धतीची पहिली इंजिनं युरोपातून आली. त्यांच्या नकाशांवरची दोन अक्षरं इथे राहिली. बाकीचा शब्द समुद्रापलीकडे राहिला.

मी धावत जाऊन आप्पांना सांगितलं. इतकी वर्षं तुम्ही फ्रेंच बोलत होतात! त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"फ्रेंच ऱ्हाओ का अहिराणी. टाइमले खोलना पडस."

मी जरा हिरमुसलो हे कबूल करतो. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. पण खरं सांगायचं तर त्यांनी तो शब्द इतक्या वेळा हाताने उघडला आणि लावला होता की त्याचं पूर्ण नाव काय, हे त्यांच्या दृष्टीने शेजाऱ्याच्या पणजोबाचं नाव विचारण्यासारखं होतं. आणि ज्याने मला अर्ध्या मिनिटात फ्रेंच शब्द सांगितला तो हडपसरला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने डीजे फोटोतच पाहिलाय. दोघांपैकी डीजे कोणाला जास्त कळतो असं विचारलं तर मी आप्पांचं नाव घेईन, पण हडपसरवाला नसता तर मला ती गोष्ट कधीच मिळाली नसती, हेही आहेच.

हाच खेळ मी मग मामांवर करून पाहिला. मामा रावेरकडचे, केळीवाले. त्यांची भाषा हा आणखी वेगळा प्रांत. जून-जुलैत लावली तो मृगबाग, दिवाळीच्या आसपास लावली तो कांदेबाग, पहिला घड कापल्यावर बुंध्याच्या पिलावर धरली तो पिलबाग. झाडातून घड बाहेर पडतो ती निसवण. खताचं तर नावच घेत नाहीत, आकडे बोलतात. दुकानदाराला फोन: "बारा एकसष्ट दोन बॅगा, झिरो झिरो पन्नास एक." कोणा परक्याने ऐकलं तर मटक्याचा आकडा लावतोय असं समजेल. ते नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के असतात, त्याच क्रमाने. माझ्या बायकोच्या गच्चीवरच्या कुंड्यांच्या ग्रुपमध्ये 'एनपीके'वर मोठमोठी चर्चा चालते. मामांना एनपीके विचारलं तर ते म्हणतील, ते राहू दे, आकडा बोल.

तर मामांचा सगळा बाग जी-नाईनचा. आजकाल आमच्याकडे जिकडेतिकडे तीच जात. मी त्यांना सांगितलं की मामा, यात नाईन म्हणजे नऊ नाही. मूळ नाव 'ग्रांद नेन'. तेही फ्रेंच. 'नेन' म्हणजे ठेंगणी. मोठी ठेंगणी. इंग्रजीत वाचताना त्याचं नाईन झालं आणि नाईनचा आकडा झाला.

मामा ठिबकची नळी हातात धरून थोडा वेळ उभे राहिले. "म्हणजे जी-एट नव्हतीच?"

नव्हती.

"मी इतकी वर्षं समजत होतो, आठ फेल गेल्या असतील."

सातपुड्याच्या पायथ्याला एक फ्रेंच शब्द केळीत आणि दुसरा रेल्वेच्या तारेखाली, आणि आम्ही एकाला नऊ समजतो आणि दुसऱ्याला लग्नातला वाजंत्री. मला हे फार आवडतं. यातून काही सिद्ध होतं असं नाही.

पण एक अक्षरजोडणी अशी आहे की तिची गंमत मला करता येत नाही. 'स्पॅड'. लाल सिग्नल ओलांडणं. मी सातवीत असताना आमच्या लाइनीतल्या एका काकांकडून स्पॅड झालं. इंजिन काही पावलं पुढे गेलं आणि थांबलं, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण काकू तीन दिवस नळावर आल्या नाहीत. त्यांची घागर आईने भरून दारात ठेवली. आमच्या घरात तो शब्द पुन्हा उच्चारला गेला नाही. आप्पा अजूनही "ते" म्हणतात. ग्रुपमध्ये कॉलेजची पोरं सहज लिहितात, "आज स्पॅड झालो यार, लेक्चर गेलं." मी दोनदा उत्तर टाइप केलं आणि पुसलं. त्यांची चूक नाही. त्यांच्या नळावर कोणी यायचं थांबलं नव्हतं.

रेल्वेत नुसतं "हो" चालत नाही, ही गोष्ट आप्पांनी मला लहानपणी सांगितलेली. गेटमनने फाटक बंद केलं की स्टेशन मास्तरला फोनवर "केलं" म्हणून भागत नाही, छापील तक्त्यातला एक आकडा सांगावा लागतो, समोरच्याने तो लिहून घ्यायचा आणि सांगणाऱ्याने वापरलेला आकडा खोडायचा. ते संक्षेप, ते आकडे वेळ वाचवायला आहेत असं मला वाटायचं. ते झोपलेल्या माणसाकडून चुकून "हो" निघू नये म्हणून आहेत. ग्रुपमधले संक्षेप कशासाठी आहेत? बहुतेक वेळा मला वाटतं, आपण आतले आहोत हे एकमेकांना दाखवायला. गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात, तसं. फरक इतकाच की इथे विकायला काही नाही.

हे मी मोठ्या तोंडाने लिहितोय, म्हणून पुढचं लपवून चालणार नाही.

गेल्या पावसाळ्यात नंदुरबारचा एक मुलगा ग्रुपमध्ये आला. नववी-दहावीतला असावा. त्याने विचारलं, "रुळाच्या बाजूला पिवळ्या गोल पाटीवर टी/पी लिहिलेलं असतं. टीपी म्हणजे टाइमपास का?"

लोक तुटून पडले. मीही एक हसणारा चेहरा टाकला आणि लिहिलं, "गूगल कर भाऊ." पोरगा गप्प झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत खिडकीशी बसलेलो असताना भादलीच्या पुढे तशीच पाटी सर्रकन गेली आणि माझ्या लक्षात आलं, टी/पी म्हणजे काय ते मलाही माहीत नाही. माझ्या वहीतही नाही. मी हसलो होतो ते फक्त सगळे हसत होते म्हणून.

संध्याकाळी आप्पांना विचारलं. मुलाची गोष्टही सांगितली. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिख."

त्यांनी सांगितलं आणि मी मोबाइलवर लिहीत गेलो, त्यांच्या अहिराणीचं जमेल तसं मराठी करत. रुळाचं काम चालू असलं की तेवढ्या तुकड्यात वेग कमी करायला सांगतात, त्याला कॉशन म्हणतात. समज, ताशी ३०. तुकडा संपला की ड्रायव्हरला वाटतं, सुटलो, आता वाढवू. पण इंजिन बाहेर पडलं म्हणजे गाडी बाहेर पडली असं नाही. शेपूट अजून त्या कच्च्या रुळावर असते. म्हणून पाटी पुढे लावतात, गाडीच्या लांबीएवढी पुढे. इंजिन त्या पाटीपाशी पोहोचलं की समजायचं, शेवटचा डबाही निघाला. टी म्हणजे टर्मिनेशन, बंधन संपलं. पी म्हणजे पॅसेंजर. मालगाडी जास्त लांब, म्हणून तिची पाटी आणखी पुढे, तिच्यावर टी/जी. "आनि त्याले सांग," आप्पा म्हणाले, "टाइमपास म्हने तो, काई वाईट नही म्हने. पाटी येवापावत टाइमच पास करना पडस."

एवढं मोठं उत्तर त्या ग्रुपमध्ये कोणी कधी लिहिलं नसेल. एकही संक्षेप न फोडता सोडला नाही. पाठवलं. दोन निळ्या खुणा उमटल्या. आम्ही दोघं मोबाइलकडे बघत बसलो, आई आतून विचारत होती की ज्वारीची भाकरी टाकू का कळण्याची.

पाच मिनिटांनी नंदुरबारहून आभाराचं उत्तर आलं. दोनच अक्षरं. "टीवाय."

आप्पांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, लांब धरला, जवळ आणला.

"टी म्हंजे टर्मिनेशन," ते हळूहळू म्हणाले. "आनि वाय... यार्ड?"